ज्या विहिरीचे पाणी

एकदा एक आवाज एका माणसाच्या कानात जाऊन बसला, आणि तो नऊ वर्षे निघाला नाही. आवाज साधाच होता. दाराची लोखंडी कडी वाजण्याचा.

त्या माणसाचे नाव रायगोंडा. नदीकाठच्या एका गावात त्याचे घर होते, थोडी शेती होती, दोन म्हशी होत्या. त्याची म्हातारी आई शेवटच्या आजारात बारा दिवस माजघरात पडून होती. त्या बारा दिवसांत कडी वाजली की ती डोळे उघडायची आणि विचारायची, "चंपा आली का रे?"

रायगोंडा सांगायचा, "येईल. निरोप धाडलाय."

आई डोळे मिटायची. पुन्हा कडी वाजली की पुन्हा उघडायची.

तिला घाई होती, आणि घाईचे कारण होते. जैनांच्या घरी मरणाला टेकलेला माणूस जाण्याआधी सगळ्यांची क्षमा मागून घेतो. कोणाचे मन दुखावले असेल तर ते तसेच मागे ठेवून जाऊ नये, अशी रीत. म्हातारीने सुनेची क्षमा मागितली. शेजारणींची मागितली. म्हशीला दाराशी आणायला लावले आणि तिच्याकडे बघून हात जोडले, कारण तिच्या एका रेडकाला आपण दूध कमी सोडले असे तिला वाटत होते. राहिली होती फक्त चंपाक्का, तिची थोरली लेक. ती दूर, एका दिवसाच्या वाटेवरच्या गावी दिलेली होती.

दोन वर्षांपूर्वी चंपाक्का पर्युषणाला माहेरी आली होती. आईचे अंथरूण मळलेले, लुगडे विरलेले बघून ती चार माणसांत भावाला बोलली, "राया, आईला तू नीट बघत नाहीस." भावाची मान खाली गेली. तेव्हा आईने लेकाची बाजू घेतली आणि लेकीला म्हणाली, "तू पाहुणी आहेस. पाहुण्यासारखी राहा." चंपाक्का रडत गेली, ती मग आली नाही. तो शब्द आईला आता परत घ्यायचा होता.

रायगोंडाने बहिणीला पत्र लिहिले होते. पत्ताही घातला होता. पण ते त्याच्या खिशातच राहिले. आईने अक्काची क्षमा मागायची, म्हणजे अक्काचे बोलणे खरे ठरायचे. रोज तो टपालाच्या पेटीवरून जायचा आणि मनात म्हणायचा, उद्या टाकू. बाराव्या दिवशी आई गेली. त्याने पत्र चुलीत घातले.

तिसऱ्या दिवशी गावोगाव फिरणाऱ्या कासाराकडून बातमी कळून चंपाक्का धावत आली. माजघर रिकामे होते. उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "मला कोणी कळवलंसुद्धा नाही, राया?"

"पत्र टाकलं होतं की."

"मला नाही मिळालं."

"तुझ्या घरात कोणाला तरी मिळालं असेल," असे रायगोंडा म्हणाला.

एवढे बोलून तो म्हशींकडे गेला. पुढच्या महिन्यात त्याने दाराची कडी काढून टाकली आणि लाकडी खुंटी बसवली. आवाज मात्र गेला नाही.

त्यानंतर चंपाक्का दर वर्षी पर्युषणाला येऊ लागली. भाद्रपदातले ते दहा दिवस जैनांचे सगळ्यांत मोठे पर्व. पहिला दिवस क्षमेचा, मग मृदूपणाचा, मग सरळपणाचा, असे एकेका धर्माचे दिवस. पर्व संपले की क्षमावणी. त्या दिवशी लहानथोर एकमेकांपुढे हात जोडतात आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. चंपाक्का दर क्षमावणीला भावापुढे हात जोडायची. "आईच्या वेळी मी जवळ नव्हते. सगळं तुझ्या एकट्यावर पडलं. मला क्षमा कर, राया."

आणि रायगोंडा म्हणायचा, "उत्तम क्षमा, अक्का."

ते म्हणून झाल्यावर त्याला दिवसभर जेवण जात नसे. मग तो उपवास धरू लागला. एका वर्षी एक उपवास केला. पुढे तीन केले, पाच केले. नवव्या वर्षी त्याने दहाही दिवसांचे उपवास धरले, दिवसातून एकदा उकळलेले पाणी, बाकी काही नाही. गावात त्याचे नाव झाले. लोक वाटेत थांबून त्याला हात जोडू लागले. दहा उपवासांचे पारणे बहिणीच्या हातून करायचे, अशी त्यांच्या घरची चाल होती. चंपाक्काने महिनाभर आधी कळवले होते, "मुगाचं पाणी मीच पाजणार. दुसऱ्या कोणी वाटीला हात लावायचा नाही."

या गावात तात्या नावाचे एक वृद्ध राहत. ऐंशीच्या घरातले, अंगाने वाळलेले, बोलायला अगदी सावकाश. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, पाणी गाळण्याचे काम ते चाळीस वर्षे करीत होते. शास्त्र थोडेच वाचलेले, पण जे वाचले ते हातात उतरलेले. रायगोंडा रोज दुपारी त्यांच्यापाशी धर्माचे चार शब्द शिकायला बसे.

पाणी गाळणे म्हणजे नुसते फडके धरणे नव्हे. कापड जाड आणि दुहेरी लागते. पाण्यातले बारीक जीव कापडावर राहतात. मग गाळलेल्या पाण्याने ते कापड हळूच धुवून ते जीव एका भांड्यात उतरवून घेतात. त्याला जिवाणी म्हणतात. ती जिवाणी परत पाण्यात सोडायची असते. एरवी हे सगळे विहिरीच्या काठावरच उरकते. पण त्या वर्षी बस्तीची विहीर एका अंगाने ढासळली होती, आणि अर्ध्या कोसावरच्या एका मळ्यातून पाणी आणावे लागत होते. मळ्याचा माणूस सकाळी सायकलला दोन घागरी बांधून आणून द्यायचा आणि घाईने निघून जायचा. तात्या ते पाणी बस्तीत गाळत. जिवाणी एका तांब्यात घेत, वर ओले फडके झाकत, आणि भर दुपारी तो तांब्या छातीशी धरून त्या मळ्यापर्यंत चालत जात.

पर्वाच्या सातव्या दिवशी तात्या असेच निघाले. पारावर आदाप्पा बसला होता. त्याला कोणाची टिंगल केल्यावाचून दिवस जात नसे.

"काय तात्या, निघाली का वरात?"

"निघाली बाबा."

"अहो, वाटेत ओढा लागतोय की. त्यात ओता आणि या परत. त्या किड्यांना काय घरचा पत्ता पाठ असतोय?"

पारावरची माणसे हसली. तात्याही हसले. "त्यांना नसंल," ते म्हणाले, "मला पाठ आहे ना."

रायगोंडा जवळच उभा होता. सात दिवसांच्या उपवासाने त्याचे डोळे आत गेले होते. तो म्हणाला, "तात्या, तांब्या माझ्याकडं द्या. या उन्हात तुम्ही कशाला?"

"तुझ्या पायात जोर नाही, आणि माझ्याही नाही. दोघं मिळून जाऊ," तात्या म्हणाले. तांब्या मात्र त्यांनी दिला नाही.

दोघे सावकाश चालत गेले. ओढा लागला. त्याला स्वच्छ वाहते पाणी होते. तात्यांनी धोतर वर घेतले, तांब्या उंच धरला आणि ते पाण्यातून पलीकडे गेले. थांबलेसुद्धा नाहीत. पुढे चढ होता. त्यावर ते दोनदा बसले. रायगोंडाला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला. एवढेसे पाणी, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि त्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाने धापा टाकाव्यात!

मळ्याच्या विहिरीवर पोचल्यावर तात्यांनी तांब्याच्या गळ्याला एक दोरी बांधली आणि बुडाच्या कड्याला दुसरी. मग काठावर पालथे पडून त्यांनी तांब्या खाली सोडला. अगदी हळू. तांब्या पाण्याला टेकला तेव्हा त्यांनी बुडाची दोरी ओढली. तांब्या कलला आणि आतले पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळून गेले. कोठे थेंब उडाला नाही.

तात्या उठून बसले. रायगोंडाने विचारले, "तात्या, खरंच सांगा. ओढ्यात सोडलं असतं तर काय बिघडलं असतं? पाणी ते पाणीच."

तात्यांनी आधी दोऱ्या गुंडाळल्या.

"प्रत्येक पाणी वेगळं असतं, रायगोंडा," ते म्हणाले. "या विहिरीतला जीव ओढ्यात टाकला तर तो तिथं तगत नाही. आणि ओढ्यातले जे आहेत, त्यांनाही तो सुखानं राहू देत नाही. आपण घरी जाऊन म्हणतो, पाण्यात सोडला, दया केली. कसली दया? आपले हात तेवढे मोकळे केले. ज्या पाण्यातून उचललं त्याच पाण्यात नेऊन सोडायचं. लांब असलं तरी तिथंच. आणि सोडताना वरून फेकायचं नाही. जवळ जायचं, पाण्याला टेकायचं, मग सोडायचं."

रायगोंडा ऐकत होता. तो विहिरीच्या काठावर बसला, आणि नऊ वर्षे जे कोणाला सांगितले नव्हते ते त्याने तात्यांना सांगितले. खिशातले पत्र, चूल, आईचे उघडणारे डोळे, उंबऱ्यातले ते खोटे. काही राखून ठेवले नाही. बोलून झाल्यावर तो रडला आणि तात्यांच्या पायांवर डोके ठेवून म्हणाला, "मला क्षमा करा."

तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात बराच वेळ तेथेच होता.

"मी कशी करू?" ते म्हणाले. "मी ती विहीर नाही."

रायगोंडाने मान वर केली.

"देवापुढं मागितलीस, मुनिमहाराजांपुढं मागितलीस, चौऱ्याऐंशी लक्ष योनींतल्या जीवांची मागितलीस. मुंगीचीसुद्धा मागितली असशील. ती सगळी दुसरी पाणी, बाळा. सात दिवस पोट उपाशी ठेवलंस, त्यात तुझ्या बहिणीला काय मिळालं?"

"ती मला तोडून टाकेल, तात्या. आई गेली. वडील लहानपणीच गेले. मला रक्ताचं तिच्यावाचून कोणी नाही."

"टाकेल," तात्या म्हणाले.

"मग?"

"मग काय. टाकेल."

वाऱ्याने शेजारचा ऊस हलला. तात्या पुढे म्हणाले, "आपलं काम पाण्यापर्यंत न्यायचं. पाण्यानं काय करावं, हे आपण सांगू शकत नाही. क्षमा मागितली की ती मिळालीच पाहिजे, असं मनात धरून जो जातो तो मागायला जात नाही, घ्यायला जातो. तू जाशील तेव्हा आईचं निमित्त सांगू नको. रागाचं सांगू नको. केलं तेवढं सांग."

दोघे परत निघाले. ओढा ओलांडताना रायगोंडाने तात्यांचा हात धरला होता, की तात्यांनी त्याचा, हे बघणाऱ्याला कळले नसते.

दहाव्या दिवशी, चतुर्दशीच्या दुपारी चंपाक्का आली. केस पांढरे झालेले, गुडघे दुखत असलेले, काखेत गाठोडे. गाठोड्यात निवडून आणलेले मूग होते आणि भावासाठी नवे धोतर होते. दारातच तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"काय रे हे! लहानपणी भाकरीला उशीर झाला तर गाव डोक्यावर घ्यायचास, आणि आता दहा दहा दिवस? कोणाची नजर लागली तुला?" मग भावजयीला म्हणाली, "ह्याला तू उपाशी ठेवतीस आणि वर पुण्यवान म्हणवून घेतीस व्हय गं?"

भावजय हसली. घर भरल्यासारखे झाले. रायगोंडाने तेव्हाच सांगायचे ठरवले होते, पण त्याची जीभ उचलली नाही. संध्याकाळी बस्तीत पूजा झाली. चंपाक्का बायकांत बसून मोठ्याने स्तोत्र म्हणत होती आणि मधूनमधून भावाकडे बघून हसत होती. तिच्या त्या हसण्याने त्याला उपवासाहून जास्त थकवा आला.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. पारण्यासाठी माणसे जमली. ओसरीवर पुरुष बसले, आत बायका. तात्याही येऊन खांबाला टेकून बसले होते. माजघरात पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. चंपाक्का मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन समोर बसली. आई आजारपणात पडून होती ती जागा हीच.

"उघड तोंड," ती म्हणाली.

रायगोंडाने तिचे मनगट धरले. "अक्का, थांब. आधी एक ऐक." मग बायकोला म्हणाला, "सगळ्यांना जरा ओसरीवर ने."

बायका कुजबुजत बाहेर गेल्या. दार पुढे लोटले गेले. आत दोघेच राहिले.

"काय झालं रे? चक्कर येतीय का?"

"नाही." तो पाटावरून खाली उतरला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला, इतका जवळ की त्याचे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागले. "आईच्या वेळी मी तुला पत्र टाकलं नव्हतं. लिहिलं होतं. खिशात ठेवलं बारा दिवस. आई रोज तुझं नाव घेत होती. तुला जे बोलली होती त्याची तिला क्षमा मागायची होती. मी तिला सांगत राहिलो की निरोप धाडलाय. ती गेल्यावर पत्र मी चुलीत घातलं. आणि तुला म्हणालो की तुझ्या घरात कोणाला तरी मिळालं असेल. ते खोटं होतं."

चंपाक्काच्या हातातली वाटी तशीच होती. ती बोलली तेव्हा आवाज तिचा वाटत नव्हता.

"आई माझं नाव घेत होती?"

"हो."

"किती दिवस?"

"बारा."

तिने वाटीकडे बघितले. मग हळूहळू, आठवून आठवून बोलावे तशी ती बोलू लागली. "टपाल आमच्याकडं माझ्या सासू, आत्याबाई, घ्यायच्या. मला वाटलं, सासूनंच पत्र दडवलं. मी त्यांना तसं तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या, देवाची आण, मी पत्र बघितलं नाही. मी विश्वास ठेवला नाही. सहा वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही, राया. एका घरात राहून. त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. शेवटी त्या आजारी पडल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. म्हणाल्या, पत्र बघितलं नाही, तरीपण मला क्षमा कर."

ती थांबली.

"मी तोंड फिरवलं," ती म्हणाली.

रायगोंडाला हे माहीत नव्हते. आपण उंबऱ्यात उभे राहून सहज टाकलेला एक शब्द कोणत्या घरात जाऊन पडला आणि तेथे त्याने काय केले, हे त्याला पहिल्यांदा दिसले. तात्या मळ्याच्या विहिरीवर जे बोलले होते ते तेव्हा त्याला कळले असे वाटले होते. ते अर्धेही कळले नव्हते. आईची क्षमा त्याने अडवली होती, हे त्याला ठाऊक होते. आणखी एका म्हातारीची क्षमा आपल्यामुळे अडली, आणि आता ती द्यायला अक्काला कोणतेच दार उरले नाही, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्याने हात जोडले. क्षमा कर, हे शब्द तोंडात आले होते. पण ते उच्चारले तर तिला काहीतरी उत्तर द्यावे लागेल, असे त्याला वाटले. त्याने नुसते हात जोडून ठेवले आणि डोके खाली केले, आणि तिच्याकडून काहीही मागितले नाही.

चंपाक्काने वाटी त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली. सांडू नये म्हणून नीट सपाट जागा बघून ठेवली. एक हात भिंतीला धरून ती उठली. दार उघडले.

ओसरीवरची माणसे बोलायची थांबली. आदाप्पा काहीतरी गमतीचे बोलणार होता, तो तिचा चेहरा बघून गप्प झाला. भावजय पुढे झाली, "अक्का, काय झालं? पारणं झालं का?" चंपाक्काने पदर डोक्यावर घेतला आणि चपला पायात घातल्या. तिचे गाठोडे आतच राहिले होते. कोणीतरी ते आणायला वळले, पण तात्यांनी मान हलवून नको म्हटले. ते खांबाला धरून उभे राहिले. ती समोरून गेली तेव्हा त्यांनी तिला हात जोडले.

तिने कोणाकडे बघितले नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरून ती रस्त्याला लागली, आणि चालत गेली.